कोरडी हवा

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

इतके महिने वही उघडली नाही, स्वतःपुढेच ओशाळायला होतंय.

बिकानेरच्या नोकरीचं सोमवारपर्यंत कळवायचं आहे. ऑफिसातली मीना गेल्या वर्षी इथून तिकडे गेली. शहर रोज वाढतंय म्हणते, तरी ऑफिस घराजवळच. गच्चीवर टाकलेली चादर भांडी घासून होईपर्यंत वाळते म्हणे. ती चादर काही डोक्यातून जात नाही. मी आजही के. आर. पुरमच्या ऑफिसातून मल्लेश्वरमला घरी पोचेपर्यंत ट्रॅफिकमध्ये अर्धी झाले होते, आणि घरात पंख्याखाली कालचे ओले कपडे.

चहा घेताना आईला म्हटलं, "तिथली हवा कोरडी आहे. तुझ्या दम्याला बरी."

"आणि वाळवंटातली धूळ कुठे जाते गं, जयपूरला?" आई म्हणाली. "तुला जायचं तर सरळ सांग. माझ्या दम्यावर बसून जाऊ नकोस."

मी हसले. पण खरंच, मनात आधी काय आलं, तिचा दमा की ती चादर? चादरच.

मग सरळ का सांगत नाही? कारण सांगितलं तर ती येईल. एक शब्द न बोलता येईल. तिचा जन्म इथे गेला. शेजारची सुमित्राक्का रोज दारातून "ऊटा आयता?" म्हणत जेवणाची चौकशी करते आणि मग दोघी तासभर कन्नडमध्ये बोलत बसतात. तिकडे मी कामावर गेल्यावर तिच्याशी कोण बोलणार? आणि नाही गेले, तर मी तिच्यावर मनातल्या मनात चिडत राहीन. तेही तिला कळेलच.

उद्या: आईला सांगायचं, जायचंय ते मला.