पडवीचं दार

ऑरेंजबर्ग, ९ ऑक्टोबर १९७१

चि. ओडेसा हिस,
ल्यूशसदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, माफ कर. कितीदा लिहायला बसलो आणि उठलो.

शनिवारी चर्चच्या मंडळींबरोबर तुमच्या चार्ल्सटनची जुनी घरं पाहत दिवसभर मान वर करून हिंडलो. गेल्या शतकातल्या मोठ्या भूकंपानंतर भिंतींत लोखंडी सळया घालून ती आवळलीत म्हणे. आवळलेल्या घरात झोप कशी लागते, देव जाणे. मंडळी जेवायला बसली तेव्हा ठरल्याप्रमाणे तुझ्याकडे आलो.

दार सताड उघडं, आत माणूस नाही. ठोठावलं, हाका मारल्या. शहरात असं दार उघडं टाकतात का गं? चोरांच्या भीतीने मीच ते ओढून लावलं आणि पायरीवर बसलो. केक घेऊन एक बाई आली, दाराकडे बघून म्हणाली की आज ओडेसाला कोणी यायला नको आहे, आणि परत गेली. मग मीही उठलो.

तुझी एलावहिनी गेल्यावर तूच मला कायमचं राहायला बोलावलंस. मन बदललं असेल तर रागावणार नाही. पण इथलं घर घ्यायला गिऱ्हाईक खोळंबलंय. त्याला काय सांगू?

तुझा,
ल्यूशस

चार्ल्सटन, १३ ऑक्टोबर

ती. दादास,
ओडेसाचा सा. न. वि. वि.

अरे देवा, दादा! रस्त्यावरचं ते दार घराचं नव्हे, घराच्या बाजूने जाणाऱ्या पडवीचं. घराचं दार आत, पडवीच्या मध्यावर. पडवीचं दार उघडं म्हणजे या, लावलेलं म्हणजे आज कोणी नको, एवढं इथलं शेंबडं पोरही जाणतं. तुझ्यासाठी सकाळपासून ते उघडं टाकून मी मागे कोळंबी परतत होते. माझे कान आता तुझ्याहून जड झालेत. शेजारची ह्युल्डा तुलाच भेटायला केक घेऊन आली आणि तूच तिला घालवलंस! वर ती मला विचारते, तो रडवेला म्हातारा कोण.

पण खरं सांगू? संध्याकाळी दार लावलेलं पाहून मला वाटलं, दादाला घर आवडलं नाही, न बोलता तसं कळवून गेला. तेव्हापासून मी कुढतेय. खालची खोली तुझीच आहे. ये.

माया आहे तशीच ठेव.
ओडेसा

ऑरेंजबर्ग, १८ ऑक्टोबर

चि. ओडेसा हिस आशीर्वाद.

गिऱ्हाइकाला हो म्हणालो. कोंबड्या शेजारी दिल्या. आता मागे फिरायला घर नाही. शनिवारच्या बसने निघतो. तू समजावलंस तरी पडवी कुठली नि घर कुठलं, डोक्यात अजून गोंधळच आहे. पुन्हा काही भलतंच करून बसेन. बसपाशी तू स्वतः न्यायला येशील ना? तेवढं लवकर कळव.

तुझा,
ल्यूशस