पहिल्या मिठाचं गाठोडं

॥ एकवीरा आई प्रसन्न ॥

पन्ना,
१२ जानेवारी २०२५

चि. दयाराम यास,
जनीबायचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. रेवसच्या धक्क्यावर मला लाँचमध्ये बसवताना तू असं तोंड केलं होतंस, की बहीण काशीला चालली आहे आणि परतीचं काही खरं नाही. सतन्याच्या स्टेशनवर तुझी लेक घ्यायला आली होती. वाळली आहे, उन्हाने रापली आहे, पण चालते अशी की मला मागून पळावं लागतं. दिवाळीत तुमचं बापलेकीचं वाजल्यापासून तू तिचा फोन घेत नाहीस. माझा घेतलास तरी अर्धं तुला ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकून घेत नाहीस. म्हणून कागद काढला. कागदावर मध्येच बोलता येत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.

कशासाठी आले ते विसरलेले नाही. ९ फेब्रुवारीला पेणचे लोक प्राप्तीला बघायला येणार, त्याआधी तिला घेऊन घरी परतायचं, असा एकवीरेसमोर तुला शब्द दिला आहे. पण आल्या आल्या विषय काढला नाही. आधी जेवले.

हे गाव हिऱ्यांचं, म्हणून मला वाटलं होतं सगळीकडे लखलखाट असेल. कसला लखलखाट! देवळं, गाई, चहाच्या टपऱ्या, आपल्या अलिबागेपेक्षाही संथ. गावाबाहेर पडलं की मात्र जमिनीला जागोजाग खड्डे. लहानसा तुकडा सरकारकडून भाड्याने घ्यायचा, खणायचा, निघालेली खडी धुवायची, वाळत घालायची आणि बसून हाताने निवडायची. हिरा सापडला तर तो सरकारी कार्यालयात जमा करायचा, तिथे त्याचा लिलाव. नाही सापडला तर दुसरा खड्डा. प्राप्ती ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या रामकलीचं अख्खं घर हेच करतं. हे तर आपल्यासारखंच झालं. आपण मिठासाठी उन्हाकडे बघत बसतो, हे हिऱ्यासाठी मातीकडे.

काल प्राप्तीने केन नदीच्या घळीवर नेलं. दया, जन्म खाडीकाठी गेला, उधाणाची रात्र पाहिली, बांध फुटताना पाहिला. पण असं काही पाहिलं नव्हतं. उभा कातळ, गुलाबी, तांबडा, करडा, मध्येच काळाकुळकुळीत, आणि खूप खाली हिरवंगार पाणी गप्प वाहतंय. हे सगळं त्या पाण्यानेच कापलं म्हणे. मी चपला काढून उभी राहिले. का काढल्या ते मलाही सांगता येणार नाही. पोरीनेही काढल्या.

थंडी फार आहे. तुझी बंडी आणली ते बरं केलं. गुडघ्याला तेल लावत जा.

जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी जनीबाय


॥ एकवीरा आई प्रसन्न ॥

रेवस,
१८ जानेवारी २०२५

ती. जनीबायस,
दयारामचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं. कातळाचे रंग कळले. पोरगी कधी निघते ते काही कळलं नाही.

इकडे उन्हं चांगली लागली आहेत. आगरात पाणी दाटायला लागलंय, खालच्या कोंडीत मिठाची साय धरल्यासारखी दिसते. आगरावरचा आपला गडी अनंता म्हणतो आठ-दहा दिवसांत पहिलं मीठ ओढता येईल. तुला सांगायला नको, पहिलं मीठ आपल्या चुलीत पडत नाही. आधी नांदत्या लेकीकडे गाठोडं जातं, मगच घरच्यांनी जिभेला लावायचं. आबांनी तुझं गाठोडं बांधलं होतं तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो, ते डोक्यावर घेऊन तुझ्या सासरी थळला मीच चालत आलो होतो. पुढे तू कपाळ पुसून घरी परत आलीस आणि गाठोडं बांधणं थांबलं. घरातल्या लेकीला कसलं गाठोडं?

प्राप्तीची आई गेली तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे. एकदा तिचं गाठोडं या हातांनी बांधायचं. पेणच्या त्या केतनचं घर चांगलं आहे. दोन डंपर आहेत, मुलगा निर्व्यसनी आहे, पेण काही लांब नाही. त्यांना मी सांगितलंय की मुलगी जंगलखात्याच्या कामावर आहे. गिधाडं मोजते असं नाही सांगितलं. दिवाळीतही मी तिला तेच म्हणालो, की लोकांच्या लेकी शाळेत शिकवतात, बँकेत बसतात, तू मढ्यावरची पाखरं मोजतेस. त्यावर ती जे बोलली ते तू ऐकलंच आहेस. म्हणाली, मी या आगराची नाहीच असं समजा. ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.

तू तिला वाढवलंस. तुझं ती ऐकेल. परतीची तिकिटं काढून कळव. हिरे बघायला तुला पाठवलेलं नाही.

आहे तो जिव्हाळा कमी होऊ देऊ नये.
तुझा,
दयाराम


॥ एकवीरा आई प्रसन्न ॥

पन्ना,
२४ जानेवारी २०२५

चि. दयाराम यास,
जनीबायचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. रागावून लिहिलंस तरी अक्षर वळणदार आहे, तेव्हा राग फार नसावा. तिकिटं काढलेली नाहीत. का ते सांगते, पण सगळं वाच. मध्येच घडी घालून खिशात ठेवू नकोस.

परवा पोरीबरोबर तिच्या कामावर गेले. जंगलात एक खोल दरी आहे, तिच्या कड्यांवर गिधाडांची घरटी. काठावर पालथी निजवून तिने मला खाली बघायला लावलं. बाबा रे, गिधाड म्हणजे आपण काय बघितलं? मेलेल्या म्हशीवर मान खुपसलेलं, नाहीतर डोक्यावर फिरणारं ठिपक्याएवढं. इथे ती आमच्या खाली उडत होती. उडत्या गिधाडाची पाठ मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. केवढाले पंख, आणि एकदाही हलवत नाहीत. वारा त्यांना उचलून धरतो. एक अगदी आमच्या अंगावरून गेलं, पंखांचा आवाज आला, ताडपत्री ओढल्यासारखा. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. प्राप्ती हळूच सांगत होती, की एक जोडपं वर्षाला एकच अंडं घालतं, आणि नर-मादी आळीपाळीने त्यावर बसतात. मधल्या काळात ही पाखरं जवळजवळ संपली होती. आता पुन्हा दिसताहेत, म्हणून एकेक घरटं मोजायचं, जपायचं. तिथल्या प्रत्येक घरट्याची तिला ओळख आहे. तू आपल्या कोंड्यांबद्दल बोलतोस ना, वरची रुसली, खालची लवकर पिकते, तशीच बोलते ती. आवाजसुद्धा तुझाच.

आता माझा पराक्रम ऐक. कुणाला सांगू नकोस, निदान अनंताला तरी नको.

काल सकाळी रामकलीच्या खळ्यावर बसले होते. धुतलेली खडी उन्हात पसरली होती, चार-पाच बायका ओणव्या होऊन निवडत होत्या. रिकामं कसं बसायचं, म्हणून मीही हात घातला. उन्हात एक पांढरा खडा चमकला. जाड मिठाच्या दाण्याएवढा, तसाच चौकोनी, तसाच पारदर्शक. मी उचलला आणि टाकला जिभेवर! मुद्दाम नाही रे. साठ वर्षांची सवय, चमकलं की जिभेवर. हात मनाला विचारतच नाही.

सगळ्या बायकांचे हात थांबले. एकीने हातातली खडी खाली टाकली. मला आधी काही कळेना. मग रामकलीचं तोंड पाहिलं आणि उमगलं. इथे हिरा चोरायची जुनी रीतच ती, तोंडात टाकायचा आणि गिळायचा. पाहुणी म्हणून ज्या घरात जेवले त्या घरात मी चोर ठरत होते. खडा थुंकून तळहातावर धरला, तर एक म्हातारी म्हणाली की दुसराही असेल, तोंड उघडून दाखव. मी मोडक्या हिंदीत मीठ मीठ म्हणत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात प्राप्ती आली. तिने आधी मला जवळ घेतलं. मग खाली बसली, पसरलेल्या खडीतला एक खडा उचलला आणि सगळ्यांदेखत आपल्या जिभेवर ठेवला. खडा परत हातावर काढून ती त्यांना सांगायला लागली की आम्ही मिठाची माणसं, आमच्या घरात लहान मूल रांगायला लागलं की आधी मीठ चाखतं, आणि माझा बाप नुसत्या जिभेवर सांगतो की हा दाणा कुठल्या कोंडीतला. मग तिने सगळं आगर त्या खळ्यावर हाताने काढून दाखवलं, खाडी कुठे, तिचं पाणी आत घ्यायची उघाडी कुठे, बांध कुठे. शेवटी म्हणाली, "हमारे बाबा जैसा नमक पूरी खाड़ी में किसी का नहीं."

दया, जी पोरगी आगराची नाही म्हणाली, तिने हे सांगितलं, आणि तू समोर नसताना सांगितलं. रामकलीने मला पाणी दिलं, हात धरला. माझा खडा तिने उन्हाकडे धरून पाहिला आणि हसली. हिरा नव्हताच, साधी गारगोटी. खरा हिरा मला संध्याकाळी बघायला मिळाला, शेजारच्या खड्ड्यातला, दुसऱ्या दिवशी कार्यालयात जमा व्हायचा होता. तुरीच्या डाळीएवढा, तेलकट, मंद. पण पृथ्वीच्या पोटातून इतक्या खोलवरून आलेली ती वस्तू माझ्या हातावर होती आणि मला श्वास घ्यायचं सुचेना.

रात्री मी पोरीला केतनचं सांगितलं. नाही म्हणताना तिने आवाज चढवला नाही. ती स्वतः लिहिते म्हणाली, सोबत तिचं पत्र आहे. मी तिला ओढून आणणार नाही. एकवीरेला दिलेला शब्द मोडते आहे, तिचं मी बघून घेईन. तुझं तू बघ.

राग आला तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी जनीबाय


पन्ना,
२४ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
प्राप्तीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

दिवाळीत बोलले ते वाईट बोलले. तुम्ही माझ्या कामाला नावं ठेवलीत म्हणून मी तुमच्या आगरावर घसरले. तुम्हाला कुठे लागेल ते मला माहीत होतं.

इथलं काम आणखी तीन वर्षांसाठी वाढवून देताहेत. फेब्रुवारीच्या दहा तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. मला हो म्हणायचं आहे, बाबा. लग्न कधी करायचंच नाही असं नाही, पण ९ तारखेला नटून बसायला येणार नाही. केतनच्या घरच्यांना मी काय काम करते ते खरं सांगा, त्यांना फसवू नका. तुमच्यापासून लपवून हो म्हणता आलं असतं, पण तसं म्हणवत नाही. तुम्ही काहीच कळवलं नाहीत तरी मी हो म्हणणार आहे, फक्त मग ते अळणी लागेल.

खालच्या कोंडीतलं निघालं का?

तुमचीच,
प्राप्ती


॥ एकवीरा आई प्रसन्न ॥

रेवस,
३० जानेवारी २०२५

ती. जनीबायस शि. सा. नमस्कार, आणि चि. प्राप्तीस अनेक आशीर्वाद. दोघींना मिळून एकच पत्र लिहितो, वेगवेगळं लिहायला सुचत नाही.

पत्रं मंगळवारी आली. तुझं वाचलं, बाय, आणि मध्ये घडी घातली. मग आगरावर जाऊन बांधावर बसून पुरं केलं. त्या म्हातारीने तुला तोंड उघडायला लावलं ते वाचून डोक्यात सणक गेली. पुढचं वाचलं, आणि परत पहिल्यापासून वाचलं. अनंता दोनदा विचारून गेला, काय झालं. त्याला म्हटलं डोळ्यात खार गेला.

खालच्या कोंडीतलं काल निघालं. दाणा मोठा आहे, पांढराशुभ्र आहे. रीतीप्रमाणे नारळ वाढवला, हळदकुंकू वाहिलं, नव्या फडक्यात पहिलं मीठ बांधलं. गाठ या हातांनीच मारली. आज सकाळी अलिबागेला जाऊन ते पोस्टात टाकलं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, काय आहे. मीठ म्हटल्यावर त्या हसल्या, म्हणाल्या, काका, मीठ काय तिकडे मिळत नाही? मी म्हटलं, मिळतं, पण तिच्या बापाचं मिळत नाही.

तिथूनच पेणला गेलो. केतनच्या वडिलांना सांगितलं की ९ तारखेला येऊ नका. ते म्हणाले, का, मुलीचं दुसरीकडे जमलं का. मी काय सांगावं याचा एसटीत सगळी वाट विचार केला होता, ऐन वेळी त्यातलं काहीच आठवलं नाही. तोंडातून निघालं ते एवढंच: "माझी लेक गिधाडं राखते. पन्न्याला नांदते ती." मी चहा पिऊन निघालो.

बाय, तू सावकाश ये. ती दरी मलाही बघायची आहे, पण मीठ चालू असताना आगर सोडता येत नाही. मीठ उरकलं की पावसाळ्याच्या तोंडावर बघू.

प्राप्ती, हो कळवून टाक. आणि गाठोडं हातात पडलं की लगेच फोन कर, मी उचलेन. तोवर या घरात यंदाचं मीठ कुणी जिभेला लावणार नाही.

तुमचा,
दयाराम