दारातला भूर्ज

१८ एप्रिल

झाडांचे डॉक्टर हिराबायाशी म्हणाले, रोजचं लिहून ठेवा. म्हणून ही वही. नाहीतर मला असली सवय नाही.

दारातला भूर्ज मरायला टेकलाय. गेल्या ऑगस्टमध्ये, आमचे हे, तात्सुओ, गेल्यानंतरच्या पहिल्या पितरांच्या सणाला, वन्संनी त्याची साल काढली. दारात भूर्जाची साल पेटवून गेलेल्या माणसाला घरी बोलवायचं, हे मात्सुमोतोत सगळेच करतात; पण साल बाजारातून आणतात. मी आणलीही होती. "माझा भाऊ विकतच्या सालीवर येईल होय गं, कियोए?" म्हणाल्या. मी भात चढवेपर्यंत कोयत्याने खोडाभोवती वीतभर पट्टा सोलून मोकळ्या! वरचा कागदासारखा पापुद्रा नव्हे – आतली ओली सालसुद्धा. तिच्यातूनच मुळांना अन्न जातं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले, नि माझ्याच दारात हे.

तेव्हापासून त्यांच्याशी बोललेले नाही.

थंडीभर जखम गुंडाळून ठेवली. आज डॉक्टरांनी तिच्या खालून वर त्याच्याच फांद्यांच्या सहा ओल्या काड्या जोडल्या, अन्न उतरायला पुलासारख्या. "जगेल?" विचारलं. "खोटं सांगू का?" म्हणाले. नको म्हटलं.

९ मे

पालवी फुटली. पानं नखाएवढी. दोन बादल्या पाणी.

२ जून

चार काड्या वाळल्या.

नागोयाहून कोहेईचा फोन. "आई, गेलं तर गेलं. गाडी लावायला जागा होईल." याच्या बापाने पठारावरून बोटाएवढं रोप आणलं. इथला उन्हाळा त्याला सोसत नाही म्हणून एकतीस वर्षं मुळांवर पेंढा घातला. आणि गाडी म्हणे. फोन ठेवला.

संध्याकाळी वन्सं फाटकाशी. "झाडाला काय झालंय गं?" माणसाने किती कोडगं असावं. मी आत निघून आले.

२० जुलै

सहाही गेल्या. पानं गळताहेत. खोडाला पोखरणारी अळीही लागलीय. "घरावर पडायच्या आत उतरवा," डॉक्टर म्हणाले.

पाणी नाही.

५ ऑगस्ट

कापला. आठ ते साडेनऊ.

१३ ऑगस्ट

कापलेल्या खोडाची साल वन्संकडे घेऊन गेले. मुद्दाम. बघू दे म्हटलं.

हातात घेऊन म्हणाल्या, "छान आहे गं. यंदा कोणासाठी?"

तात्सुओंसाठी, म्हटलं.

"तात्सुओ गेला?"

नाही, सासूबाईंसाठी, असं सांगितलं.

दिलं: साल, तीन जुड्या. काडेपेटी, एक.