चौपट मिथिओनिन

३ मार्च, सकाळी ७
आजपासून बदकांचा आहार माझ्या हातात. इतके दिवस सगळा मेव्हण्याचा अंदाजपंचे कारभार होता. त्याला विचारलं, अमिनो आम्लांचं काय? म्हणाला, दाजी, ती पोत्यातल्या खाद्यात असतातच की. असतातच की! अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस.
बायकोची अट: २८ दिवसांत पिल्लं अडीच किलोंची झाली तर शेड मी चालवायची. नाहीतर किल्ली तिच्या भावाकडे. शेड सासऱ्यांची, म्हणून ऐकून घेतलं.

४ मार्च
बदकांच्या आहारावरचा लेख वाचला. (पहिलं पान. पुढे नुसती कोष्टकं.) मिथिओनिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडलं की वाढ खुंटते, पिसं धड येत नाहीत. म्हणजे दुप्पट घातलं तर वाढ दुप्पट! एवढी साधी गोष्ट कुणाला सुचू नये? मी चौपट घालणार.

५ मार्च
शेडमध्ये आडवी फळी बसवली. डावीकडे माझी शंभर बदकं. उजवीकडे तुलनेसाठी वीस, नेहमीच्या खाद्यावर, बायकोच्या ताब्यात. बिचारी. विज्ञानासाठी कुणीतरी मागे राहावंच लागतं.
पशुवैद्य म्हणाला, पुढची पानंही वाचा, जास्त झालं तर बदकं खाणंच सोडतात. गाढवाला गुळाची चव काय!

१२ मार्च
वजनं केली. माझी जैसे थे. ती वीस फुगली आहेत. नुसतं पाणी असणार.
माझं खाद्य निम्मं उरतं. थोडक्यातच पोट भरतं, इतकं पौष्टिक! बायको म्हणाली, अहो, ती उपाशी आहेत. तिला विज्ञानाचं वावडंच.

१४ मार्च
बदकं एकमेकांची पिसं उपटताहेत. अंगात जोर आलाय. डोस वाढवला.

२३ मार्च, सकाळी ६.४०
फत्ते! आठवड्यात अर्धा किलो वाढ! पशुवैद्याला फोन केला. उचलला नाही. कुठल्या तोंडाने उचलेल? मेव्हण्याला मुद्दाम बोलावलं. म्हटलं, ये, शीक काहीतरी.

त्याच दिवशी, ११ वाजता
मेव्हण्याने काट्याकडे बघितलंही नाही. थेट फळीपाशी जाऊन खाली वाकला. फळीखाली वीतभर फट. त्यातून माझी बदकं एकामागून एक पलीकडे जात होती आणि तिथल्या खाद्यावर तुटून पडत होती. माझ्या बाजूच्या खाद्यावर माश्या.
बायको म्हणाली, आठ दिवसांपूर्वी मीच फळी वर सरकवली, बघवेना. मी म्हणालो, माझा प्रयोग नासवलास. ती म्हणाली, बदकं तर जगली.
मेव्हणा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

३१ मार्च
सरासरी दोन किलो शंभर ग्रॅम. काटा बदलून बघू म्हटलं. मेव्हण्याने काटा उचलून ठेवला. खूप वाईट वाटलं, पण दाखवलं नाही. बहुतेक दिसलंच.
किल्ली दिली. मेव्हण्याने विचारलं, दाजी, रोज बदकांचं पाणी बदलायला याल का?
साफ नाही म्हणणार होतो. किती वाजता यायचं, असं विचारलं.