मर्लची पक्ष्यांची वही आणि डिस्कचा वेग

मर्ल,

मी कॉम्प्युटर घेऊन बेन्डिगोला कॉम्प्युटर क्लबात गेलोय. टेबल रिकामं दिसलं म्हणून घाबरू नकोस. त्यातली तुझी बारा वर्षांची पक्ष्यांची वही शाबूत आहे. तिची नक्कल केलेल्या फ्लॉप्याही चहाच्या डब्याशेजारी ठेवल्यात.

तुला न विचारता डिस्क पुसली, हे चुकलंच. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. डिस्कच्या फिरत्या तबकडीवर माहितीचे तुकडे एकामागोमाग मांडलेले होते. आपलं यंत्र म्हातारं. एक तुकडा वाचून होईपर्यंत पुढचा निघून जायचा, मग तो परत येईपर्यंत अख्खी फेरी ताटकळायचं. आता सगळं पुसून ते मध्ये दोन-दोन जागा सोडून नव्याने मांडलेत. सेकंदाला तीस किलोबाइट यायचे, ते एकशे सत्तर झाले. तीनदा मोजलं. क्लबातला डेस नेहमी म्हणतो, "क्लॅरी, तुझ्या डिस्कपेक्षा माझी सासू लवकर उठते." आज त्याचं तोंड बघायचंय.

कोंबड्यांना दाणे घातलेत. सहापर्यंत येतो.

फ्लॉप्यांवरून वही परत भरताना सगळं नीट आलंय ना, म्हणून पानन्‌पान वाचलं. त्यात एके ठिकाणी लिहिलंयस, की आज मॅगपाय गात होता आणि क्लॅरीही, त्यातला मॅगपाय बरा. पुसायला हात शिवशिवला, पण ठेवलंय तसंच.

क्लॅरी