पुट्टीखालची भेग

मंगळवार, बारा तारीख
भर दुपारी, वर्कशॉपमधूनच

चिरंजीव धाकटोबास,

ताईचे आशीर्वाद. नको असले तरी घे, परत पाठवायची सोय नाही.

पत्रास कारण की तू फोन उचलत नाहीस. आज अठरा दिवस झाले. खोका उघडलास म्हणजे निदान उत्सुकता तरी शाबूत आहे. आत काय आहे ते दिसलंच असेल. ते लगेच फेकू नकोस, आधी हे वाच.

इकडे ठीक आहे. कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला होता, नवा घातला. बाबांचा गुडघा कुरकुरतोय आणि बाबा गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतायत. काल एका दूधवाल्याच्या गाडीची टाकी पिवळीधमक करून दिली, तर म्हणाला, "बाई, आता दूधच नासेल हिच्याकडे बघून." पण घेऊन गेला खुशीत.

माफीनामा शोधत असशील तर पानं चाळायची तसदी घेऊ नकोस. तो यात नाही. तुझं हेल्मेट मी तुझ्या डोळ्यांदेखत फोडलं, आणि आज पुन्हा समोर आलं तर आज पुन्हा फोडेन.

तू सगळ्यांना सांगत सुटलायस की ताईचं डोकं फिरलं. मग माझ्याकडूनही ऐक. तू वळणावर वाळूवरून घसरलास, डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं आणि तू कपडे झटकून उभा राहिलास. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. तेव्हापासून ते हेल्मेट तुझं लकी झालं. माझ्याकडे घेऊन आलास आणि म्हणालास, "ताई, एवढा ओरखडा घालव आणि ज्वाळा परत काढून दे. हे मी मरेपर्यंत वापरणार." नेमके हेच शब्द.

मी आतलं अस्तर काढलं. डाव्या कानाच्या वर फोम चेपून पार पातळ झाला होता. कवचाला आतून करंगळीएवढी भेग होती. मी तुझं बोट धरून त्या भेगेवरून फिरवलं. तो फोम एकदाच दबतो रे. तुझ्या डोक्याचा मार त्याने खाल्ला, तिथे त्याचं काम संपलं. हे सगळं मी शांतपणे सांगितलं, आठवून बघ. आणि तू काय म्हणालास? "बाहेरून दिसत नाही ना? मग झालं."

त्या वाक्यावर मी हातोडी उचलली.

तू डोक्यात राख घालून निघून गेलास. गेलास ते गेलास, उघड्या डोक्याने गेलास. आणि तुझी बायको सांगते की तेव्हापासून रोज तसाच फिरतोयस. दिवसाला तीस-चाळीस घरी औषधं पोचवणारा माणूस! तिने शेजाऱ्यांचं हेल्मेट मागून आणलं, तर तू त्यात कांदे भरून ठेवलेस. फोनवर ती रडली नाही. तिने मला शिव्या दिल्या, म्हणाली, फोडायचं होतं तर आधी दुसरं डोक्यावर ठेवायचं होतंत. यात तिचं बरोबर आहे. एवढंच कबूल करते.

ती काही बोलायला गेली की तुझं ठरलेलं उत्तर असतं म्हणे. "लंबूनं घातलंच होतं की हेल्मेट! पट्टासुद्धा लावला होता. काय झालं? ज्याचं नशीब त्याच्यापाशी." तुझा जिवाभावाचा मित्र तो, तीन वर्षांपूर्वी गाडीच्या अपघातात गेलेला, त्याचं नाव निघाल्यावर कोण काय बोलणार? ते तुलाही माहीत आहे, म्हणून तू ते वाक्य काढतोस.

त्या वाक्याला उत्तर आहे. माझ्याकडे आहे. जरा थांब, गिऱ्हाईक आलंय.

आले. सायलेन्सर काळा करून हवा होता त्याला. बसवून ठेवलंय, बाबा त्याला गुडघ्याची हकिकत सांगतायत.

तू गाडी वाईट चालवतोस असं माझं म्हणणं नाही. एके काळी शान म्हणून आरसे काढून फिरायचास, मी ते परत बसवले तेव्हाही महिनाभर तोंड फुगवलं होतंस. आता मात्र दर रविवारी चाकातली हवा बघतोस, साखळीला तेल देतोस, सिग्नलला पांढऱ्या पट्ट्याच्या मागे थांबतोस, मागचे कितीही हॉर्न वाजवोत. पाऊस असला की ब्रेक आधीपासून हळूहळू दाबतोस. मागे बसलेल्या माणसाला पेंग आली तर तू उठवतोस. एवढं सगळं करणाऱ्याचं स्वतःच्या डोक्याशीच काय वैर आहे?

हे सगळं मी वेळ काढायला लिहितेय. कळतंय मला.

लंबू माझ्याकडे आला होता. जाण्याच्या सात आठवडे आधी. एका रिक्षाला चुकवताना पडला होता आणि हेल्मेट दुभाजकावर आपटलं होतं. म्हणाला, "ताई, आईला कळलं तर गाडीच्या किल्ल्या काढून घेईल. धाकट्यालाही सांगू नका, वर्षभर चिडवेल. नव्यासारखं करून द्या." मी अस्तर काढलं. फोम दबलेला होता. भेगही होती, तुझ्यापेक्षा लांब. मी म्हटलं, "अरे, हे गेलं." तर तो हसला आणि म्हणाला, "बाहेरून दिसणार नाही ना? मग झालं."

आणि मी रंगवलं.

तेव्हा बाबांनी वर्कशॉप नुकतंच माझ्या हाती दिलं होतं. पोरगी काय टाक्या रंगवणार म्हणून सगळी गल्ली हसत होती. मला दाखवून द्यायचं होतं. भेगेत पुट्टी भरली, पाणी लावून पॉलिश पेपरने घासली, परत भरली, परत घासली. प्रायमर, निळ्याचे दोन हात, वर लॅकर. उन्हात नेऊन फिरवून बघितलं, तर भेग कुठे होती ते मलाच सापडेना. मी खूश झाले रे. कामावर इतकी खूश मी त्याआधी झाले नव्हते, नंतरही नाही.

तो गेल्यावर त्याच्या घरी आपण सगळे बसलो होतो तेव्हा ते हेल्मेट आतल्या खोलीत कपाटावर ठेवलेलं होतं. मी पाणी आणते म्हणून उठले आणि परत आलेच नाही, तू नंतर मला त्यावरून बोललास. मी ते खाली काढून बघितलं होतं. ते माझ्या पुट्टीवरूनच फुटलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

धड हेल्मेट असतं तर तो वाचला असता का? मला माहीत नाही. खूप विचार केला, उत्तर मिळत नाही. पण धड हेल्मेट त्याच्या डोक्यावर नव्हतं, आणि ते धड आहे असं त्याला वाटलं ते माझ्या रंगामुळे. ही गोष्ट मी तीन वर्षं पोटात ठेवली. तू नशीब नशीब म्हणत राहिलास आणि मी मान डोलावत राहिले, कारण नशिबावर ढकलणं मला सोयीचं होतं. याची मला लाज वाटते. तुझं हेल्मेट फोडल्याची वाटत नाही.

रविवारी मी त्याच्या आईकडे जाऊन आले. हे तुझ्याआधी त्यांना सांगणं भाग होतं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "त्याला माहीत होतं?"

म्हटलं, "हो. पण मला जास्त माहीत होतं."

त्या आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत, मला वाटलं आता येणारच नाहीत. मग उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं ते निळं हेल्मेट आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "हे माझ्या घरात नको. तुझ्या दारात लाव. येणाऱ्या प्रत्येकाला दिसू दे." मला जवळ घेतलं वगैरे काही नाही. दार मात्र मी जिना उतरेपर्यंत उघडं होतं.

ते आता दारात टांगलंय, फुटलेली बाजू रस्त्याकडे करून. खाली पाटी आहे, माझ्याच हाताची: आपटलेलं हेल्मेट रंगवून मिळणार नाही, फोडून मिळेल. गल्लीत मला आता हेल्मेटफोडी बाई म्हणतात. म्हणू देत. दोघे जण भांडून गेले, एक जण विचार करून परत आला आणि स्वतःच्या हाताने फोडून गेला.

आता तुझं तू ठरव. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मला बहीण मानायचं नसेल तर नको मानूस, ते मी सोसेन, आणि त्यात तुझी चूक आहे असं म्हणणार नाही. पण लंबूचं नाव पुढे करून उघड्या डोक्याने फिरायचं नाही. ते निमित्त मी तुझ्याकडून काढून घेतलंय. आता फिरायचंच असेल तर स्वतःच्या नावावर फीर, आणि बायकोला तोंडावर सांग की मला जिवंत घरी परतायची फिकीर नाही.

खोक्यातलं हेल्मेट नवं आहे, पांढरं. त्यावर मी रंगाचा एक थेंबही टाकलेला नाही, टाकणारही नाही. ज्वाळा हव्या असतील तर गाडी घेऊन ये, टाकीवर काढून देईन, लांबून लोक बघत राहतील अशा. सकाळी पट्टा लावताना मला रोज शिव्या दिल्यास तरी चालेल. फक्त पट्टा लाव.

आणि हेही कधी पडलं, आपटलं, तर दुसरं डोक्यावर घालून मग हे माझ्याकडे आण. हातोडी दारामागे खिळ्याला टांगलेली आहे.

जिने तुझं फोडलं आणि लंबूचं फोडायला हवं होतं, ती
तुझी ताई