बॉड्सीची पांढरी फळी

नॉरिच, ३ एप्रिल १९८४

ती. क्लेमंटदादास हेस्टरचा सा. न. वि. वि.

रोझलिंडचं पत्र आलं. नशीब, तुझी लेक तुझ्यासारखी घुमी नाही. काचबिंदूने तुझा एक डोळा गेला आणि दुसराही मंदावलाय, हे तू मला नाताळातसुद्धा कळवलं नाहीस. पत्रभर नुसतं कोबीचं कौतुक! फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

क्रोमरहून निघालो तेव्हा मला वेण्या होत्या. दर मे महिन्यात समुद्राच्या कडेकडेने एकेक तुकडा चालत आपण बॉड्सीपर्यंत आलो. आता डेबेन नदी ओलांडली की फेलिक्स्टोचा पिअर, समुद्रात घुसलेला तो लांब धक्का, आणि आपला किनारा पुरा. तुझा नियम ठाऊक आहे: नावेत बसायचं नाही, काठाकाठाने पुलापर्यंत वर जायचं आणि पलीकडून खाली यायचं. पण दादा, धक्क्यावरची ती पांढरी फळी हलवली की नावाडी येतो आणि चहा निवायच्या आत पलीकडे पोचवतो. या वेळी नावेने जाऊ या की. पिअर तुझ्याबरोबरच गाठायचाय मला.

राग धर हवा तर, पण माया कमी करू नकोस.

तुझी हेस्टर


इप्सविच, ९ एप्रिल

चि. हेस्टरला अ. आ.

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. नाव नाही म्हणजे नाही. बसून गेलेल्याला चालत गेला असं कोण म्हणेल? ब्लाइथ नदीला भर पावसात वळसा घातला तेव्हा तू मला गाढव म्हणालीस, पण आलीस ना?

आता मला पायाखालचा दगड दिसत नाही. परवा घरच्या पायरीवरच पडलो. तू हाताला धरून मला म्हाताऱ्या बैलासारखं ओढत नेणार, लोक बघणार. मला लाज वाटते गं. माझं चालणं बॉड्सीलाच संपलं असं समज. तू जा, आणि पिअरवर माझ्या वाटचे मासे-चिप्स खा. व्हिनेगर भरपूर घाल.

आहेस तशीच भांडखोर राहा.

क्लेमंट


फेलिक्स्टो, नावेच्या धक्क्याजवळची खाणावळ, १४ मे

ती. दादास सा. न.

नदीला वळसा घातला. एकटीने, तुझ्या नियमाने. पुलाजवळच्या वुडब्रिज गावाच्या अलीकडे चिखलात बूट रुतला, तो उपसताना मी बसले ती बसलेच. तिथे तुझ्या नावाने मनसोक्त शंख केला.

खाणावळीची मालकीण म्हणाली, समोर दिसतंय त्या बॉड्सीहून एवढं फिरून आलात, नावाडी काय झोपला होता? मी तिला तुझा नियम सांगितला. ती म्हणाली, मग भाऊ बरोबर नव्हता तर कोण बघत होतं? रस्ताभर तू मागून येतोयस असंच मला वाटत होतं.

दादा, मी इथेच थांबलेय. इथून पिअरपर्यंत सपाट बांध आहे, पुढे सिमेंटचा रस्ता. त्यावर मी पाऊल टाकलेलं नाही, टाकणारही नाही. तू आला नाहीस तर हा तुकडा राहील तसाच, तुझाही आणि माझाही.

वाट बघतेय.

हेस्टर


इप्सविच, १६ मे

चि. हेस्टरला पोटभर आशीर्वाद.

रोझलिंडने पत्र वाचून दाखवलं. ती रडली. मी सर्दीचं निमित्त केलं.

शनिवारी सकाळी येतो. रोझलिंड म्हणत होती, मोटारीने थेट तुझ्या खाणावळीशी सोडते. मी साफ नाही म्हणालो. जिथे थांबलो तिथूनच निघायचं, हाही नियमच आहे. मी बॉड्सीला उतरणार. दोघांचा वळसा तू घालून आलीस, आता मी नावेत बसलो तरी चालेल.

ती फळी मात्र मीच हलवणार, रोझलिंडला हात लावू देणार नाही. पण तिकडून नाव निघाली की नाही ते मला दिसायचं नाही, तेव्हा तू पलीकडून ओरडून सांग. लहानपणी ओरडायचीस तशी.

आणि धक्क्यावर उतरलो की तुझा हात पुढे कर. लोक बघेनात का.

तुझा क्लेमंट